वनस्पतिजन्य, म्हणून निर्धोक?

शेतीविषयक तक्त्यांत आणि पुस्तिकांत आम्हांला एक विधान वारंवार भेटते : वनस्पतिजन्य कीटकनाशके निर्धोक व खात्रीची असतात. या विधानाचे दोन्ही भाग तपासून पाहायला हवेत.

तंबाखूतले निकोटिन वनस्पतिजन्यच आहे. पण ते माणसालाही जहाल विष आहे आणि कातडीतून अंगात भिनते. नसरापूरकडच्या एखाद्या मुलीने विधान खरे मानून तंबाखूचा काढा उघड्या हातांनी कालवला, तर चूक तिची नव्हे, पाठाची.

आता खात्रीविषयी. हरभऱ्याच्या दाण्यात ट्रिप्सिनसारख्या पाचक विकरांना अडवणारी प्रथिने असतात. त्यांमुळे घाटेअळीचे पचन बिघडावे, अशी आपली अपेक्षा. परंतु पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की अळीच्या आतड्यातील विकरे या प्रथिनांचेच तुकडे करू शकतात. झाडाचे शस्त्र बोथट होते ते असे.

आमचा आक्षेप निंबोळी अर्काला नाही, अर्धवट विधानाला आहे. शिक्षकांनी ते फळ्यावर लिहावे आणि पुढे तीन प्रश्न जोडावेत : कोणता घटक? शरीरातील कोणत्या क्रियेवर? किती मात्रेत?