एका नाण्यावरील दोन षष्ठ्या

गौतमीपुत्र सातकर्णीने नाण्यांवरून नहपानाचे नाव पुसून टाकले, असे विधान आपल्याकडील लेखांत वारंवार आढळते. आम्हीही शाळेत अनेक वर्षे तेच शिकवीत आलो. परंतु प्रत्यक्ष नाणी पाहता ते टिकत नाही, असे आता कबूल करणे प्राप्त आहे.

नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. ही सर्व नाणी मूळची नहपानाची. एका बाजूस मस्तक व ग्रीक लिपीतील लेख, दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारला. एकीकडे कमानींचा डोंगर व स्वतःचे नाव, दुसरीकडे उज्जयिनी-चिन्ह.

क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचा अभिमान नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात स्पष्ट आहे. त्यामुळे ह्या ठशातही सूडच पाहण्याचा मोह होतो. परंतु केवळ नावच नष्ट करावयाचे असते, तर त्यास मूस पुरेशी होती. राजाने ही चांदी आटविली नाही. पुष्कळ नाण्यांवर नव्या ठशाखाली जुना चेहरा व ग्रीक अक्षरे अद्यापि डोकावतात. लोकांच्या हाती रुळलेल्या नाण्याचा विश्वास त्याने मोडला नाही. त्यावर आपला हक्क सांगितला. ठसा न मारलेली नाणीही त्याच साठ्यात होती. साठा करणाऱ्यास दोन्ही ग्राह्य वाटली, हे उघड आहे.

व्याकरणदृष्ट्याही एक गोष्ट लक्षणीय आहे. नहपानाचा लेख षष्ठ्यन्त आहे, तसाच ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ हाही. क्रियापद कोठेच नाही. ‘जिंकले’ असे नाणे म्हणत नाही; ‘अमक्याचे’ एवढेच म्हणते. एकाच द्रव्यावर दोन स्वामींच्या दोन षष्ठ्या उभ्या आहेत, आणि दुसरीने पहिलीचा सर्वस्वी लोप केलेला नाही. राजसत्तेचे हस्तांतर याहून प्रामाणिकपणे सांगणारा पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून संग्राहकांस विनंती. अशी नाणी ‘बिघडलेली’ समजून टाकू नयेत, आणि खालचा चेहरा उजळावा म्हणून घासू तर मुळीच नयेत. सातकर्णीने जे राहू दिले, ते आपल्या हातून पुसले जाऊ नये. इत्यलम्.