अर्नॉल्ड बेनेट यांचा वेळविचार : स्वविकासपर वाचनाची एक चिकित्सा

प्रस्तावना :

उद्योग, अर्थव्यवहार आणि व्यक्तिमत्त्वविकास या विषयांवरील पुस्तकांनी गेल्या काही दशकांत मराठी ग्रंथव्यवहारात लक्षणीय जागा व्यापली आहे. स्टीफन कोवी (१९८९), रॉबर्ट कियोसाकी (१९९७) आणि जेम्स क्लिअर (२०१८) यांची गाजलेली पुस्तके अनुवादरूपाने मराठी वाचकांपर्यंत पोहोचली आहेत. या पुस्तकांचा वाचक बहुधा नोकरदार असतो आणि ती वाचायला वेळ कोठून आणावा, हीच त्याची पहिली अडचण असते. ही अडचण नवी नाही. इंग्रज कादंबरीकार अर्नॉल्ड बेनेट (१८६७-१९३१) यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हाउ टू लिव्ह ऑन ट्वेंटी-फोर अवर्स अ डे' या छोटेखानी पुस्तकात तिचाच विचार केला आहे. या पुस्तकाचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासून आजच्या वाचनव्यवहारासाठी, विशेषतः अध्यापकवर्गासाठी, त्यातून काय घेता येते हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथाची भूमिका :

बेनेट १८८९ मध्ये लंडनला आले आणि आरंभी त्यांनी सॉलिसिटरच्या कार्यालयात कारकुनी केली. त्यामुळे ज्या वाचकाला ते उद्देशून लिहितात, त्याचे जीवन त्यांच्या परिचयाचे होते. हा वाचक सकाळी दहा ते सायंकाळी सहा कार्यालयात असतो. जाण्यायेण्यात त्याची प्रत्येकी पन्नास मिनिटे जातात. तो या आठ तासांनाच 'दिवस' समजतो आणि उरलेल्या सोळा तासांकडे केवळ मागची-पुढची किनार म्हणून पाहतो. बेनेट यांच्या मते चूक नेमकी येथे आहे. सायंकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी दहापर्यंतचे सोळा तास हाच एक स्वतंत्र दिवस मानावा आणि त्याचा धनी आपण आहोत या भावनेने तो जगावा, असे ते सुचवतात.

या भूमिकेतून येणारी मागणी मात्र माफक आहे. आठवड्यातील सहा सकाळी अर्धा तास मनाच्या एकाग्रतेसाठी आणि तीन सायंकाळी दीड तास अभ्यासासाठी, म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी साडेसात तास. हे प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास येते. संकल्प मोठा करून पहिल्याच आठवड्यात तो मोडण्यापेक्षा लहान आरंभ टिकवावा, हे त्यांचे सांगणे आहे. लहान सवयींचे आजचे लोकप्रिय तत्त्वज्ञान येथे बीजरूपाने आढळते. आपल्या कार्यक्रमाचे गुलाम होऊ नये आणि इतरांना तुच्छ लेखणारे शिष्टपण अंगी येऊ देऊ नये, हा त्यांचा इशारा मात्र नंतरच्या अनेक स्वविकासपर पुस्तकांतून गळून पडलेला दिसतो.

वाचन आणि मनन :

ग्रंथातील सर्वांत मौलिक विचार वाचनाच्या पद्धतीविषयी आहे. नव्वद मिनिटांच्या बैठकीतील किमान पंचेचाळीस मिनिटे वाचलेल्यावर दमवणारा विचार करण्यात गेली नाहीत, तर ती बैठक बहुतांशी वाया गेली, असे बेनेट मानतात. भारतीय परंपरेतील श्रवण, मनन आणि निदिध्यासन ही त्रिपदी ज्यांना परिचित आहे, त्यांना हा विचार परका वाटणार नाही. ऐकणे वा वाचणे ही केवळ पहिली पायरी, हे दोन्हीकडे गृहीत आहे.

आजच्या व्यवहाराची कसोटी या निकषावर घेता येते. वर्षाला किती पुस्तके संपवली याची मोजदाद करणे, पुस्तकाचा पंधरा मिनिटांचा सारांश ऐकणे, ध्वनिमुद्रण दुप्पट वेगाने चालवणे हे उपाय वेळ वाचवतात यात शंका नाही. पण ते मननाचाच वेळ वाचवतात. सवयींविषयीचे पुस्तक दोन दिवसांत संपवून तिसऱ्या दिवशी त्याच विषयावरील दुसरे पुस्तक उघडणारा वाचक स्वतःत बदल घडवत नाही. बदलाच्या आश्वासनाचा आस्वाद घेतो. खुद्द बेनेट यांचे पुस्तकही एका सायंकाळी वाचून संपते. त्यांनीच घालून दिलेल्या नियमाने ते वाचणारे किती, हा प्रश्न त्या पुस्तकालाही चुकत नाही.

काय वाचावे, याबाबत बेनेट यांची दृष्टी एका अंगाने उदार आणि दुसऱ्या अंगाने संकुचित आहे. बँकेतील कारकुनाने वॉल्टर बॅजट यांचे 'लोम्बार्ड स्ट्रीट' (१८७३) वाचलेले नसावे, याचे त्यांना आश्चर्य वाटते. लंडनच्या नाणेबाजाराचे हे विवेचन त्यांना अद्भुत कथेइतके रोमहर्षक वाटते. आपल्या रोजच्या कामामागील कार्यकारणभाव उलगडला की कंटाळवाणे काहीच उरत नाही, हा त्यामागचा सिद्धान्त. व्यावसायिक पुस्तकांची निवड करण्यासाठी तो आजही उपयुक्त आहे. जे पुस्तक आपल्या व्यवसायाची रचना समजावते ते, आणि जे केवळ वाचकाला उत्तेजन देते ते, यांतील भेद त्यामुळे स्पष्ट होतो. याउलट, कादंबरीवाचनाला ते गंभीर अभ्यासातून वगळतात. चांगली कादंबरी वाचताना बुद्धीला कष्ट पडत नाहीत, हे त्यांचे कारण. 'द ओल्ड वाइव्ह्ज टेल' ही त्यांची श्रेष्ठ कादंबरी याच वर्षी, १९०८ मध्ये, प्रसिद्ध झाली. दोन स्त्रियांचे संपूर्ण आयुष्य काळ कसे झिजवतो, हे त्या कादंबरीतून जितके उमगते तितके वेळविषयक कोणत्याही सल्ल्यातून उमगत नाही. कादंबरीकार बेनेट यांनी उपदेशक बेनेट यांचा असा परस्पर प्रतिवाद केला आहे.

समान वेळ : एक गृहीतक

पैशाची वाटणी विषम असली तरी वेळ सर्वांना सारखाच मिळतो, हे या ग्रंथाचे मूळ गृहीतक. घड्याळापुरते ते खरे आहे. तथापि पहाटे उठून अभ्यास करण्याचा सल्ला देताना बेनेट चहाची व्यवस्था सविस्तर सांगतात. पहाटे कोणाच्या मदतीवर विसंबू नये. स्पिरिटचा दिवा, कप आणि बिस्किटे यांचे तबक रात्रीच योग्य जागी ठेवायला 'तिला' सांगावे. ही 'ती' ग्रंथात एवढ्यापुरतीच येते. तिचे चोवीस तास कसे जातात, तिच्या वाट्याला दीड तासाची निवांत सायंकाळ येते का, हा प्रश्न ग्रंथकाराला पडत नाही. एकाचा मोकळा तास बहुधा दुसऱ्या कोणाच्या श्रमातून निर्माण होतो. ग्रंथाचे हे मौन त्याच्या लेखकापुरते मर्यादित नाही; स्वविकासपर वाङ्मयाच्या मोठ्या भागात ते आजही टिकून आहे. नोकरी करून घरी स्वयंपाक, मुले आणि वृद्ध यांचे सारे पाहणाऱ्या प्राध्यापिकेला 'वेळ काढा' असे सांगणे म्हणजे तिच्या अडचणीला तिचाच दोष ठरवणे होय.

अध्यापकांच्या बाबतीत आणखी एक पैलू संभवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० आणि २०१८ च्या नियमावलींत पूर्णवेळ अध्यापकासाठी ३० आठवडे, दर आठवड्यास किमान ४० तासांचा कार्यभार सांगितला असून त्यांपैकी प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकासाठी १६ तासांचे आहे. उरलेल्या तासांत तयारी, संशोधन आणि प्रशासकीय कामे येतात. बेनेट यांच्या कारकुनाला वाचन नोकरीबाहेर शोधावे लागते. अध्यापकाचे वाचन मात्र नोकरीचाच गाभा आहे. ते अहवाल, समित्या आणि माहितीच्या तक्त्यांनी गिळले, तर त्याची भरपाई पहाटेच्या चहाने होणार नाही. तेथे वैयक्तिक शिस्तीइतकीच संस्थेच्या वेळापत्रकाची चिकित्सा आवश्यक ठरते.

समारोप :

बेनेट यांच्या ग्रंथाची थोरवी वेळेच्या हिशेबात नाही. वाचनाला मननाची अट घालण्यात आहे. त्याची मर्यादा, वेळेचा प्रश्न एकट्या व्यक्तीच्या इच्छाशक्तीवर सोपवण्यात आहे. या दोन्ही बाजू ध्यानात घेता असे म्हणता येईल की, थोडी पुस्तके निवडावीत, ती कामाचे स्वरूप उलगडणारी असावीत आणि वाचनाइतकाच वेळ विचाराला द्यावा. तो वेळ मिळत नसेल, तर तो कोणाकडे आणि कशात जातो हेही विचारावे. हा दुसरा प्रश्न स्वविकासाची पुस्तके सहसा विचारत नाहीत. म्हणूनच तो वाचकाने विचारायला हवा.