पुण्याची मराठी 'हगादा' : वारसायात्रेतील एक उणीव

बेने इस्राएल समाजाच्या वारसायात्रा बहुधा नवगावचे स्मारक आणि अलिबाग-रेवदंड्याची सिनेगॉग यांवरच थबकतात. पुण्यात लाल देऊळ दाखविले जाते. ते तर बगदादी डेव्हिड ससून यांनी बांधविलेले! याच पुण्यात १८७४ साली छापलेली हिब्रू-मराठी 'हगादा' मात्र दुर्लक्षितच राहते. वल्हांडणाच्या रात्री मुलांना मिसरातील सुटकेची कथा सांगण्यासाठी रचलेला हा ग्रंथ मूलतः समाजशिक्षणाचा आहे. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया भारतीय वेशात आहेत. धर्मकथा घरच्या भाषेत आणि घरच्या रूपात शिकविली गेली, याचा हा पुरावा होय. १९४८ नंतर बहुसंख्य समाज इस्रायलला गेला. तेथे जन्मलेल्या पिढ्यांना पूर्वजांचे गाव दाखविता येते. पण ही मराठी त्यांना वाचून कोण दाखविणार?