अंश दिलाय, छेद कुठे आहे?

प्लास्टिक सर्जरीवरचा पेपर वाचायला घेतलात की निष्कर्षाकडे धावू नका. आधी टक्केवारी गाठा आणि विचारा, हे नेमके कितींपैकी? हा प्रश्न किरकोळ नाही, हे ब्रेस्ट इम्प्लांटच्या प्रकरणात नीट दिसतं.

इम्प्लांटभोवती क्वचित एक लिम्फोमा होतो, बीआयए-एएलसीएल. 2011 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याबद्दल इशारा दिला, तेव्हा जगभरातल्या साधारण 60 केसेस माहीत होत्या. इम्प्लांट असलेल्या स्त्रिया किती? तर अंदाजे 50 लाख ते 1 कोटी! छेदच दुपटीने हलत असेल तर धोका काढणार कसा? जुलै 2019 मध्ये केसेसचा आकडा 573 होता, त्यातल्या 481 एकट्या अ‍ॅलरगन कंपनीच्या इम्प्लांटच्या. इथे जरा थांबा. 481 कितीही बोलका वाटला तरी तो नुसता अंश आहे. ज्याचा माल जास्त खपतो, त्याच्या केसेस जास्त दिसणारच. खरं काम केलं ते दुसऱ्या तुलनेने: अमेरिकेत इतर कंपन्यांच्या खरखरीत इम्प्लांटपेक्षा अ‍ॅलरगनच्या बायोसेलमध्ये धोका साधारण 6 पट. बायोसेल तेव्हा परत मागवलं गेलं.

छेद मिळतो नोंदवहीतून, म्हणजे रजिस्ट्रीतून. ब्रिटनची जुनी रजिस्ट्री 2006 मध्ये बंद झाली. 2010 मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने इम्प्लांटमध्ये औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं उघड झालं, तेव्हा कुणाच्या शरीरात काय बसवलंय याची एकत्र यादीच तिथे नव्हती. नेदरलँड्समध्ये 2015 पासून पेशंटने स्वतः नकार दिला नाही तर नोंद होतेच. मला हीच पद्धत पटते. संमती मागत बसलं की नेमके नाराज पेशंट गळतात, असं होऊ शकतं.

विश्लेषणातही हाच घोळ. 100 स्त्रियांचे 200 स्तन म्हणजे 200 स्वतंत्र नमुने नव्हेत. शरीर तेच, सर्जन तोच, सिगारेटची सवयही तीच. तसं मोजलं की कॉन्फिडन्स इंटरव्हल उगाच अरुंद होतो आणि निकाल आहे त्यापेक्षा पक्का वाटतो. 'समाधानी रुग्ण' या शब्दापुढेही असंच थबका. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी, की वर्षभराने तपासणीला परत आलेल्यांपैकी?

राहिले फोटो. 'आधी'च्या फोटोत समोरून फ्लॅश, 'नंतर'च्यात बाजूने मऊ उजेड आणि हनुवटी किंचित वर (ही करामत एकदा दिसली की सगळीकडे दिसू लागते). पेपरात कॅमेऱ्याचं अंतर, प्रकाश आणि शस्त्रक्रियेनंतर किती महिन्यांनी फोटो काढला हे दिलं नसेल, तर ती पानं पुरावा म्हणून धरू नका.