नाणें आणि पदक: पिस्त्रुचीची कला

मुंबईच्या टांकसाळींत १९१८ सालीं सॉव्हरिन नांवाचीं इंग्लंडचीं सोन्याचीं नाणीं पाडण्यांत आलीं. सनाच्या अंकांवरचें इवलें ‘आय’ हें अक्षर सोडल्यास लंडनच्या नाण्याहून त्यांत भेद नाहीं. आमच्या आजीच्या डब्यांत त्यांतलें एक असे. सणावारीं तें हातीं आलें कीं मी राजाचें मुख सोडून मागच्या घोडेस्वाराकडेच पाहत बसें.

हा स्वार म्हणजे सेंट जॉर्ज. घोड्याच्या टापांखालीं पंखांचा राक्षसी सर्प. रोमहून लंडनला आलेल्या बेनेदेत्तो पिस्त्रुची या रत्नशिल्पकाराची ही १८१७ सालची कृति. स्वाराची तलवार इतकी आंखूड, कीं ती सर्पापर्यंत पोंचावी कशी, हा आक्षेप जुना आहे व खराहि आहे. (आरंभीं तेथें तलवारीऐवजीं मोडक्या भाल्याचा दांडा होता.) परंतु घोड्याची उसळी, मागें उडणारें वस्त्र आणि सर्पाचें वेटोळें हीं इंचाहूनहि लहान वर्तुळांत अशीं सामावलीं आहेत, कीं रेषाभर जागा वांया गेलेली नाहीं.

याच कलावंताकडे १८१९ सालीं वॉटर्लूच्या विजयाचें पदक सोंपविण्यांत आलें. व्यास सव्वापांच इंचांहून अधिक, आणि काम संपलें १८४९ सालीं! परकीय म्हणून त्याला मुख्य कोरक्याचें पद नाकारण्यांत आलें. १८२८ सालीं तें वायनला मिळालें व याला मुख्य पदककार ही पदवी देऊन बोळवण झाली. हा अन्याय मला मान्य आहे. तथापि कित्येक रसिक या पदकालाच त्याची सर्वश्रेष्ठ कृति मानतात, तें मला पटत नाहीं. मध्यें चार राजांचीं मुखें, सभोंवार देवदैत्यांची दाटी; एकेक आकृति सुंदर, पण दृष्टि कोठेंच ठरत नाहीं.

शिवाय तें पदक कधीं पाडलेंच गेलें नाहीं. पोलादी ठसा कोरतांना मऊ असतो. तापवून पाण्यांत बुडविल्यावांचून तो दाबयंत्राखालीं टिकत नाहीं. एवढा प्रचंड ठसा त्यांत तडकेल या भीतीनें टांकसाळीनें तें धाडसच केलें नाहीं. मऊ पदार्थांवर छाप घेतले व विजेच्या साह्यानें प्रतिकृति केल्या. ज्यांना पदक द्यावयाचें, त्यांपैकीं तोंवर एकटा वेलिंग्टन हयात होता. यंत्राच्या आघाताचा हिशेब न ठेवणाऱ्या कोरक्याची कल्पना कितीहि भव्य असो, टांकसाळीच्या कलेंत ती उणीवच होय.

सॉव्हरिनवर मात्र ब्रिटनची राजटांकसाळ आजहि तोच स्वार पाडते, आंखूड तलवारीसकट.