सही आली, पुढची पायरी कुठे?

प्रौढशिक्षणावरील आपल्याकडच्या लेखनात एक गृहीत सहसा तपासले जात नाही. माणूस लिहू-वाचू लागला की त्याचे काम आपोआप सुधारते, असे ते गृहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांकडे पाहिले की ते टिकत नाही, असे माझे मत आहे.

प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. पुढे जिल्ह्याच्या पाणीदार उत्तर भागात कारखाने वाढले, आणि पाथर्डी-शेवगावसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून टोळ्या ऊसतोडीला जात राहिल्या. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, टनावर मजुरी. या व्यवहारात कागद तीन: उचलीची नोंद, वजनकाट्याची पावती आणि हंगामअखेरचा हिशेब. ते वाचता आले तर फसवणूक कमी होईल. हा लाभ मोठा आहे. पण ते झाले संरक्षण, बढती नव्हे. कोयता हातातच राहतो.

देशात १९७८ साली राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम आला, १९८८ साली साक्षरता मिशन, आणि २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच ‘उल्लास’. उल्लासच्या कागदावर व्यवसायकौशल्येही आहेत. प्रत्यक्षात मोजली जाते ती चाचणी: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. राज्यातली एक चाचणी १७ मार्च २०२४ रोजी झाली, तेव्हा गाळप संपलेले नव्हते. ज्यांच्यासाठी योजना, ते त्या रविवारी फडात. मुलांसाठी साखरशाळांचा विचार तरी झाला. आईबापांच्या वेळापत्रकाचा झाला नाही.

पायऱ्या मुळीच नाहीत असे नाही. मुक्त विद्यालय मंडळातून पाचवी, आठवी करता येते. आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन हे व्यवसाय आठवी उत्तीर्णांना खुले आहेत, आणि अशा कारागिरांची गरज प्रत्येक कारखान्याला असते. पण या पायऱ्या वेगवेगळ्या खात्यांच्या अंगणात पडून आहेत. त्यांची शिडी कोणी बांधली नाही. शिवाय आयटीआयचा वर्ग दिवसा भरतो. वर्गात बसणाऱ्याची मजुरी बुडते. उचल मात्र फेडावीच लागते.

शिक्षणाची अटच काढावी, असाही एक मार्ग सांगितला जातो. २०१९ मध्ये वाहतूक वाहनांच्या चालक परवान्यासाठी आठवीची अट रद्द झाली. ते योग्यच झाले. पण त्याने बाईचा प्रश्न सुटत नाही. कोयत्यातला अर्धा वाटा तिचा, तरी हिशेब जोडीचा. तिच्या कामाची स्वतंत्र नोंदच नसेल, तर बढती कशावरून मागायची? ऊसतोडणी यंत्र आल्यावर चालकाची एक जागा निर्माण होते आणि अनेक कोयते कमी होतात. त्या एका जागेसाठी तिचे नाव कोणी घेत नाही.

म्हणून वर्ग टोळी गावी असते त्या मे ते सप्टेंबर या काळात हवेत, आणि चाचणीही त्याच काळात. पहिले पाठ वजनपावतीचे आणि उचलीच्या व्याजाचे असावेत. वर्गात बसणाऱ्यांना बुडालेल्या मजुरीपोटी भत्ता मिळावा. कारखान्यांनी कार्यशाळेतल्या काही शिकाऊ जागा तोडणी कुटुंबांतील स्त्री-पुरुषांसाठी ठेवाव्यात. आणि योजनेचे यश उत्तीर्णांच्या आकड्यावर मोजू नये. दोन हंगामांनंतर किती जणांना कोयता उचलावा लागला नाही, हे विचारावे. तो आकडा आज कोणत्याच रकान्यात नाही.