‘हॅव’चं मराठी करताना

मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश मुंबईत निघाला १८४७ साली. तरी आपण अजून ‘हॅव’ या साध्या क्रियापदाशी अडखळतो. त्याला मराठीत एकच एक क्रियापद नाही. मराठी आधी नातं पाहते. मला भाऊ आहे, माझ्याकडे छत्री आहे, तिच्यात धमक आहे. हल्लीची भाषांतरं मात्र सगळीकडे ‘कडे’ चिकटवतात. ‘तिच्याकडे दोन मुलं आहेत’ म्हटलं की मुलं शेजारणीची वाटतात! परळच्या एखाद्या दवाखान्यात ‘तुमच्याकडे मधुमेह आहे का?’ असं विचारलं, तर लालबागच्या आजी पिशवी चाचपतील. ‘तुम्हाला’ म्हणा, त्या लगेच उत्तर देतील. भाऊ, छत्री, धमक आपल्यापाशी एकाच तऱ्हेनं नसतात, हे मराठीला ठाऊक आहे. भाषांतर करताना आपण ते का विसरावं?